प्रसविका, मोबाइल आणि बाळंतपण : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गरोदर बाया, त्यांच्या घरचे आणि त्यांची काळजी घेणाऱ्या सिस्टर या सगळ्यांसाठी आहे. सिस्टर म्हणजे इथे एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि मिडवाइफरीचं (बाळंतपण करण्याचं) वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या प्रसविका, अशा सगळ्या. प्रश्न विषयवार लावलेले नाहीत. ज्यांची उत्तरं द्यायला जागा लागते त्यांना जागा दिली आहे, बाकीचे दोन ओळींत संपवले आहेत.

आमच्या वस्तीतल्या सिस्टरनं गरोदर बायांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय. मी त्यात राहू का?

राहा. पण आधी दोन गोष्टी बघून घ्या. ग्रुपची अ‍ॅडमिन कोण आहे, आणि ती खरंच तुमच्या उपकेंद्राशी, नागरी आरोग्य केंद्राशी किंवा दवाखान्याशी जोडलेली आहे का. हिंगणा, कामठी, मानेवाडा, कुठेही बघा, "मम्मी टू बी नागपूर" छापाचे ग्रुप ढिगानं सापडतात. त्यातले काही बाळाचे कपडे विकायला काढलेले असतात आणि काही पावडरी विकायला.

चांगल्या ग्रुपचा उपयोग खरा आहे. महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्याची आठवण आदल्या दिवशी येते. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका, शी काळी झाली तर घाबरू नका, ही माहिती दर महिन्याला नव्यानं सांगावी लागते आणि ग्रुपवर ती एकदाच सांगून भागतं. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं तेव्हा दुपारी १२ नंतर तपासणीला निघू नका, पाण्याची बाटली सोबत ठेवा, हेही तिथंच सांगता येतं. शिवाय पहिलटकरणीला रात्री झोप येत नसेल, तर तिच्यासारख्याच आणखी चौघी जाग्या आहेत एवढं कळलं तरी तिला बरं वाटतं.

रात्री दोन वाजता मेसेज टाकला. सिस्टरनं पाहिलाही नाही. जबाबदारी कोणाची?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

मेसेज पाठवला म्हणजे तपासणी झाली नाही. निळ्या दोन रेघा आल्या तरी झाली नाही. समोरच्या बाईनं वाचला एवढंच त्यातून कळतं, आणि तेही ती जागी असेल, नेट चालू असेल, ड्युटीवर लेबर रूममध्ये हात गुंतलेले नसतील तर. "सिस्टर, बाळ हालून नाही राहिलं" हा मेसेज टाकून सकाळपर्यंत उत्तराची वाट पाहिली, तर त्या काही तासांत पोटात काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही.

म्हणून काही त्रासांसाठी मेसेज करायचाच नाही. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, जोराचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, तोंडावर आणि हातावर सूज, झटके, दम लागणं, ताप, पोटात सतत दुखणं, आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी होणं. यातलं काहीही झालं की १०८ ला फोन करा आणि निघा. गरोदर बाईच्या जाण्यायेण्यासाठी १०२ ची गाडीही असते. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या आणि गाडी हे सगळं फुकट आहे, त्यामुळे "पैसे नव्हते म्हणून आधी विचारून पाहिलं" असं व्हायचं कारण नाही. निघाल्यावर, गाडीत बसल्यावर, हवं तर मेसेज करा.

आता सिस्टरच्या बाजूनं. ग्रुप काढणाऱ्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे की ती किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मेसेज बघते. हे तोंडी सांगून भागत नाही, ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारं उत्तर लावता येतं. ते साधारण असं असावं: "मी सध्या ड्युटीवर आहे किंवा झोपले आहे. रक्त किंवा पाणी जात असेल, डोकं खूप दुखत असेल, झटके आले असतील, बाळाची हालचाल कमी झाली असेल तर माझी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा." मजकूर मराठीत आणि हिंदीत, दोन्ही ठेवा. इतवारीत आणि कामठीत हिंदी वाचणाऱ्या बाया कमी नाहीत. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी हेच बोलून रेकॉर्ड केलेला आवाज ग्रुपवर पिन करून ठेवा.

म्हणजे जबाबदारी दोघींची आहे, पण ती आधी वाटून घेतलेली असली पाहिजे. रात्री दोन वाजता ती वाटता येत नाही.

डोकं दुखतंय, कोणती गोळी घेऊ, असं ग्रुपवर विचारलं तर सिस्टरनं सांगावं का?

नाही. पाचवा महिना उलटल्यावर दुखणारं डोकं नुसतं डोकं नसू शकतं, बीपी वाढल्याची ती पहिली खूण असू शकते. १४०/९० किंवा त्यावर बीपी असेल तर गोळीनं डोकं थांबेल आणि आजार आत वाढत राहील. शिवाय घराघरांत पडून असलेल्या दुखण्याच्या गोळ्यांमध्ये पुष्कळदा आयबुप्रोफेन असतं, ते पाचव्या महिन्यानंतर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय घ्यायचं नसतं. ग्रुपवर एकीला गोळीचं नाव सांगितलं की बाकीच्या चाळीस जणी तेच नाव लक्षात ठेवतात, हा आणखी एक धोका.

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. बाई आणि डॉक्टर यांच्यामध्ये सिस्टर दुवा होऊ शकते, बीपी मोजून सांगू शकते, फोन जोडून देऊ शकते. चॅटवरून औषध लिहून देणं तिच्या कामात बसत नाही. उत्तर एकच: "बीपी मोजायला ये. जवळ कुठे मोजता येईल ते मी सांगते."

सोनोग्राफीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकला. चालतं ना?

ग्रुपवर नको, सिस्टरला एकटीला पाठवा. त्यावर नाव, वय, पत्ता, नवऱ्याचं नाव, सगळं असतं. आणि ग्रुपमध्ये तुमच्या नणंदेच्या ओळखीचीही कुणीतरी असतेच.

सिकलसेलचा रिपोर्ट आलाय. तोही फक्त सिस्टरला पाठवू?

हो, आणि हा तर जास्तच जपून. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत आहे, हे आपल्याला माहीतच आहे. त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं, पण नागपूर जिल्ह्यात तपासणी आणि समुपदेशन त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून गरोदरपणात लवकर तपासणी व्हावी आणि नवऱ्याचीही व्हावी, हे सिस्टरनं ग्रुपवर पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

पण "अमकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला" हे ग्रुपवर येता कामा नये. तिच्या पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची असतात. एकदा नाव फिरलं की सोयरिकीच्या वेळी तेच निघतं, मग बहिणींची तपासणी झालेली असो की नसो. सिकलसेलचा आजार असलेल्या गरोदर बाईला उन्हात पाणी कमी पडलं तर दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून तिला पाण्याची आठवण द्यायची ती स्वतंत्र फोन करून.

आमचा स्टाफचा ग्रुप आहे. तिथं रजिस्टरच्या पानाचा फोटो मागतात. पाठवावाच लागतो. मग?

ही सिस्टरांची रोजची अडचण आहे. बाहेरच्यांना वाटतं की गुपित फुटतं ते फेसबुकवर. प्रत्यक्षात ते फुटतं "हायरिस्क लिस्ट (जोखमीच्या गरोदर बायांची यादी) लवकर पाठवा" या एका ओळीवर.

पान डोळ्यांपुढे आणा. आडव्या रेघांत बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, मोबाइल नंबर, एचबी (हिमोग्लोबिन), मागच्या बाळंतपणाचा इतिहास, आणि उजवीकडे बारीक रकाने: एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी). एका बाईसाठी फोटो काढला तरी त्या पानावरच्या वीस जणी सोबत जातात. ग्रुपमध्ये असतात कोण कोण? बदली होऊन गेलेले दोघं, डेटा ऑपरेटर, गाडीचा ड्रायव्हर, आणि दोन वर्षांपूर्वी कंत्राट संपलेली एक सिस्टर, जिला काढायचं राहून गेलं.

एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करण्यावर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंदी घातली आहे. तेव्हा निदान एवढं करता येतं: नावाऐवजी आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदणीतला क्रमांक) पाठवा. फोटोऐवजी टाइप केलेली ओळ पाठवा, "आरसीएच क्रमांकाचे शेवटचे चार अंक अमुक, एचबी ६.८, आज रेफर केली." इतक्यानं वरच्यांचं काम होतं. फोटोच हवा असेल तर बाकीच्या ओळींवर कोरा कागद ठेवून काढा. आणि महिन्यातून एकदा ग्रुपची यादी वाचून जे कामावर नाहीत त्यांना काढा. वरिष्ठ ऐकत नसतील तर एकटीनं भांडू नका, चौघी मिळून लेखी विचारा की पूर्ण पान पाठवायचा आदेश कुठे आहे.

डिलिव्हरी झाल्यावर बाळाचा फोटो स्टेटसला ठेवला तर काय बिघडतं? आईनंच सांगितलं होतं.

कधी सांगितलं, हे बघा. कळा देत असताना किंवा टाके घालत असताना बाई कशालाही "हो" म्हणते. ती संमती धरायची नाही. दुसऱ्या दिवशी, तिनं पोटभर जेवल्यावर, आजूबाजूला नातेवाईक नसताना विचारा. नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी दिलेल्या होकारावर तिचा फोटो जात नाही. आणि "नको" म्हटलं तर तुमच्या चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका, कारण त्या वॉर्डात अजून दोन दिवस ती तुमच्या हाती आहे आणि तिला ते चांगलं ठाऊक असतं.

संमती असली तरी फोटोत काय काय येतंय ते बघावं लागतं. बाळाच्या पायाला बांधलेली पट्टी, त्यावर आईचं नाव. मागच्या फळ्यावर आजच्या सगळ्या डिलिव्हरींची यादी. पलंगाला अडकवलेला केसपेपर. शेजारच्या पलंगावर पाजत बसलेली दुसरीच बाई, जिला कुणी विचारलेलंच नसतं. लेबर रूमच्या आत तर मोबाइलचा कॅमेरा निघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे लक्षात राहत नाही म्हणून सांगते: स्टेटस २४ तासांनी जातं, पण स्क्रीनशॉट राहतो, आणि तुमच्या फोनमधला मूळ फोटो आपोआप क्लाउडवर चढलेला असतो.

ब्रिटनमध्ये नर्स आणि प्रसविकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनं सोशल मीडियासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली आहे. रुग्णाचा फोटो संमतीशिवाय टाकणं, रुग्णाबद्दल वाईटसाईट लिहिणं, यासाठी तिथे नोंदणीवर गदा येऊ शकते. आपल्याकडे एवढी तपशीलवार नियमावली हाताशी नसली तरी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांच्या संमतीची अट आहे.

मी सिस्टर आहे आणि इन्स्टाग्रामवर रील बनवते. कुठे अडकू शकते?

रील जरूर बनवा. बाळाला अंगावर कसं धरायचं हे बाहुली घेऊन दाखवलेलं एक मिनिट छापील पत्रकापेक्षा जास्त कामाचं. पण चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, डब्याचं दूध. १९९२ चा बाळदुधाच्या पर्यायांचा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळासाठीचं दूध, बाटल्या, डबाबंद खाऊ यांची जाहिरात चालत नाही. कंपनीकडून आरोग्य कर्मचाऱ्यानं भेट किंवा फायदा घेणंही चालत नाही. "कोलॅब करा, हॅम्पर पाठवतो" असा मेसेज आला, की हॅम्परमध्ये काय आहे ते आधी विचारा.

दुसरं, मुलगा की मुलगी. १९९४ च्या गर्भलिंग निदान कायद्याचं २२ वं कलम जाहिरातीबद्दल आहे, आणि त्यात "शास्त्रीय किंवा इतर कोणत्याही पद्धतीनं" असं धरलेलं आहे. म्हणजे मुलगा होण्याचं औषध, अमुक तिथीचा उपाय, कॅलेंडर पाहून बाळ ठरवणं, यांचा प्रचारही त्यात येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पोट गोल की टोकदार, यावरचे "गमतीचे" रीलही सिस्टरच्या अकाउंटवर शोभत नाहीत. तुमच्या अंगावर गणवेश आहे म्हणून लोक ते खरं मानतात.

तिसरं, गर्भपात आणि अल्पवयीन मुली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात करून घेतलेल्या बाईची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि तोच पडदा स्टाफनंही राखायचा आहे. १८ वर्षांखालची मुलगी गरोदर असेल तर पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, तिची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "आज वॉर्डात एक केस आली, वय फक्त सोळा, गाव काटोलकडचं" एवढ्यावरून गाव ओळखतं. नाव नाही लिहिलं म्हणून सुटत नाही.

चौथं, पेशंटच्या फजितीवर केलेले विनोद. याला कलम शोधायची गरज नाही. कळांमध्ये ओरडणाऱ्या बाईची नक्कल करून लाइक मिळतात, हे मी पाहिलंय. ते पाहून एखादी पहिलटकरीण मनाशी ठरवते की आपण दवाखान्यात तोंडातून आवाज काढायचा नाही, आणि मग खरंच काही बिनसलं तरी सांगत नाही.

ग्रुपवर आजीबाई लिहितात की नवव्या महिन्यात तूप प्यायलं की बाळ सरकन येतं. सिस्टरनं काय म्हणावं?

"चूक आहे" असं तोडून लिहिलं की आजी दुखावतात, सून गप्प बसते आणि तूप दुप्पट होतं. तूप पोटात पचतं, बाळाच्या वाटेला जात नाही, हे साध्या शब्दांत सांगा आणि पुढे लिहा की जेवणात चमचाभर तूप असू द्या, सोबत वरण, अंडं, हिरवी भाजीही असू द्या. आजींची गोष्ट मोडली नाही आणि बाईचं ताट वाढलं.

सगळ्याच समजुतींना एका मापानं मोजायचं नाही. केशर घेतलं की बाळ गोरं होतं, यानं खिशापलीकडे नुकसान नाही. डिंकाचे लाडू खाऊ द्या. पण तीन ठिकाणी मऊ राहून चालत नाही. आठव्या महिन्यात जेवण कमी करा म्हणजे बाळ लहान राहील, ही त्यातली पहिली. बाळ जन्मल्यावर मध किंवा गुटी चाटवणं, दुसरी. पिवळा चीक पिळून फेकून देणं, तिसरी. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, चीक पाजायचा, आणि सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, उन्हाळा असला तरी नाही. नागपूरच्या मे महिन्यात या शेवटच्या वाक्यावर हमखास वाद होतो. तेव्हा त्याचं कारणही द्या: आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, पाणी प्यायचं ते आईनं.

असा मेसेज आल्यावर तो डिलीट करण्यापेक्षा त्याखाली उत्तर लिहिलेलं बरं. जीवाशी खेळ असेल तरच अ‍ॅडमिननं तो काढावा आणि का काढला ते लिहावं.

यूट्यूबवर घरीच, पाण्याच्या टबात बाळंतपण होताना दाखवतात. किती सुंदर वाटतं. आपल्याकडे का नाही?

सुंदर असतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण ब्रिटनमधल्या घरच्या बाळंतपणाच्या व्हिडिओत जी बाई बाजूला बसलेली दिसते ती नोंदणीकृत प्रसविका असते. तिच्या बॅगेत रक्तस्राव थांबवायचं औषध आणि बाळाला श्वास द्यायचं साधन असतं, कोणाला घरी बाळंत होऊ द्यायचं याची आधी चाळणी झालेली असते, आणि गरज पडली तर दवाखान्यात न्यायची सोय ठरलेली असते. कॅमेरा हे दाखवत नाही. २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला व्हिडिओ बघून घरी बाळंतपण करण्याच्या प्रयत्नात एक बाई रक्तस्रावानं गेली.

त्या व्हिडिओतलं जे खरंच आवडतं, म्हणजे आपलं माणूस जवळ असणं, उभं राहायची-चालायची मोकळीक, अंगावर ओरडणारं कोणी नसणं, ते दवाखान्यात मागा. प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत असू द्यावी, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्येच कळवलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वंही आली. त्यात सिस्टरांना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आणि साध्या बाळंतपणांसाठी प्रसविकांच्या हाती असलेला विभाग, अशी कल्पना आहे. तो तुमच्या दवाखान्यात आहे का, हे तपासणीला जाल तेव्हा विचारा.

घरात एकच फोन आहे, तो नवऱ्याकडे असतो. मग सिस्टरचे मेसेज कसे मिळतील?

सिस्टरनं गृहीतच धरावं की मेसेज बाईच्या आधी दुसरं कोणीतरी वाचतं. तपासणीची तारीख, लस, आहार, हे त्या फोनवर जाऊ द्या, नवऱ्यानं वाचलं तर उत्तमच. पण कॉपर-टी, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन, आधीचा गर्भपात, घरातली मारहाण, यातलं काहीही त्या फोनवर लिहायचं नाही. ते ९ तारखेच्या तपासणीला, समोर, दार लोटून. एखादीनं त्या फोनवरून "मला त्रास देऊन राहिले" एवढंच लिहिलं, तर चॅटवर चौकशी करत बसू नका. "उद्या वजन करायचं राहिलंय, येऊन जा" असं लिहून बोलवा.

वाचता न येणाऱ्या बाईसाठी केंद्र सरकारची किलकारी सेवा आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक फोन येतो, एकूण ७२. तो आरसीएचच्या नोंदीत दिलेल्या नंबरवर येतो, त्यामुळे नोंदणीच्या वेळी चालू नंबर सांगा. माहेरी जाताना नंबर बदलला तर तेही सांगा.

सरकारच्या मातृवंदना योजनेचे पैसे जमा होण्यासाठी लिंक आली आहे. ओटीपी मागतात.

देऊ नका. पहिल्या बाळासाठी पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, हे पैसे आशाताई किंवा अंगणवाडीतून फॉर्म भरल्यावर खात्यात येतात, ओटीपी फोनवर कोणी विचारत नाही. आधार आणि पासबुकाचे फोटो ग्रुपवर टाकले असतील तर अ‍ॅडमिनला आत्ताच काढायला सांगा.

ग्रुपमधल्या एका बाईचं बाळ गेलं. तिला ग्रुपमधून काढायचं की ठेवायचं?

न विचारता काढू नका, आणि न विचारता ठेवूही नका. दोन्ही मनाला लागतं. ग्रुपवर रोज कोणाचं तरी डोहाळजेवण, कोणाचं बारसं, आणि ती ते सगळं बघत असते. अचानक काढून टाकलं तर तिला वाटतं की आपल्याला अपशकुनी धरलं. सिस्टरनं स्वतः जाऊन, नाही जमलं तर फोन करून विचारावं: "ग्रुपवरचे फोटो बघून तुला त्रास होत असेल तर मी सध्या तुला बाहेर ठेवते. तुझी तपासणी आणि माझा फोन चालूच राहील." बऱ्याचजणींना स्वतःहून बाहेर पडायला आवडतं. ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, हे तिला सांगा.

आरसीएचमधली नोंदही त्याच आठवड्यात बदला. नाहीतर "तुमचं बाळ आता मान धरू लागलं असेल" असा फोन तिला येत राहतो. ग्रुपवर काय सांगायचं, हे तीच ठरवेल. तिनं "सांगू नका" म्हटलं तर "ती आता ग्रुपमध्ये नाही" यापलीकडे एक शब्दही नाही, आणि कारण विचारणाऱ्यांना तर मुळीच नाही. तिला दूध येत असतं, स्तन दाटतात, टाके असतात, सहा आठवड्यांची तपासणी तिलाही लागते. ग्रुपमधून बाहेर गेलेली बाई सिस्टरच्या वहीतूनही बाहेर जाते, असं होऊ देऊ नका.

दवाखान्याबद्दल कुणीतरी फेसबुकवर खोटंनाटं लिहिलं. सिस्टरचं नावही टाकलं. उत्तर देऊ?

स्वतःच्या अकाउंटवरून नाही. "त्या बाईचं एचबी पाच होतं, आम्ही रेफर केलं होतं" हे खरं असलं तरी ते लिहिताक्षणी तुम्ही तिची माहिती फोडलेली असते. स्क्रीनशॉट काढून तारीख-वेळेसह वरिष्ठांना लेखी द्या. केसपेपरवरच्या नोंदी त्याच दिवशी बघून घ्या, पण त्यात नंतर काहीही वाढवू नका. धमकी किंवा मारहाण झाली तर आरोग्यसेवकांवरील हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, पोलिसांत जा.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा ग्रुप, ब्रॉडकास्ट की कम्युनिटी?

साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि मग रात्री अनोळखी माणसाचा "हाय" येतो. ब्रॉडकास्ट एका वेळी २५६ जणांनाच जातो, तोही तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच. कम्युनिटीच्या सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, म्हणून सूचनांसाठी तो बरा. गप्पांसाठी वेगळा, लहान, प्रसूतीच्या महिन्यानुसार केलेला ग्रुप ठेवा, आणि त्यात फक्त बाया.

बाळंतपण झालं. ग्रुप कधी सोडायचा?

४२ दिवस तरी नको. रक्तस्राव, ताप, स्तनात गाठ, सतत रडू येणं, हे सगळं याच काळात होतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. माहेरी रामटेकला किंवा उमरेडला गेलेली असाल तर तिथल्या आशाताईचा नंबर निघायच्या आधी आपल्या सिस्टरकडून घ्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या की तुम्हाला बाळाच्या ग्रुपमध्ये हलवायला सांगा. सिस्टरनं जुना ग्रुप बंद करताना आधी सगळ्यांना आठवडाभर कळवायचं, आपल्या फोनमधले रिपोर्टचे फोटो गॅलरीतून आणि क्लाउडवरून काढायचे, आणि जिची लस किंवा तपासणी राहिली असेल तिचं नाव वहीत उतरवून मगच ग्रुप डिलीट करायचा.